घडी मोडणारी सत्यशीलाबाई

कुंभार पिंपळगावात नवी साडी घेणं सोपं होतं, नेसणं अवघड होतं. सत्यशीलाबाईंनी घडी मोडल्याशिवाय नवी साडी अंगाला लावायची नाही, असं गावातल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं, आणि सत्यशीलाबाईंच्या खुंट्यांवर तर आधीच्याच पिशव्या आपापल्या पाळीची वाट बघत लटकलेल्या असत. लग्नसराईत एखादीला पंधरा-पंधरा दिवस थांबावं लागे. तोवर ती जुन्या साडीत वऱ्हाडाला जाऊन येई आणि वर गाऱ्हाणंही करत नसे.

तशी ही रीत काही या गावानं शोधून काढलेली नाही. नवी साडी आधी जिवाभावाच्या बाईला नेसायला द्यायची, तिनं ती दिवसभर मिरवायची, मग आपण नेसायची. जाऊ जावेला देते, नणंद भावजयीला देते, आणि त्यात माया असते. कुंभार पिंपळगावानं त्यातली माया तेवढी काढून ठेवली आणि हिशेब उरवला. सत्यशीलाबाईंनी एकीच्या साडीची घडी मोडली, तर आठवड्यात तिच्या लेकीची सोयरीक जमली. दुसरीची मोडली, तर तिची भाकड म्हैस गाभण राहिली. म्हशीचा आणि साडीचा संबंध काय, असं चारचौघांत विचारणारे एक मास्तर गावात होते. पुढच्या दिवाळीला त्यांचीच बायको मागच्या दारानं पिशवी घेऊन आली. घडी मोडूनही ज्यांचं काहीच भलं झालं नाही अशाही बायका निघाल्या, पण त्यांनी साडीचा रंगच चुकीचा घेतला होता, असं बाकीच्यांनी एकमतानं सांगितलं.

आपला हात गुणाचा आहे असं सत्यशीलाबाई स्वतः कधी म्हणाल्या नाहीत. कोणी म्हटलं तर नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या नुसता पदर सावरत, आणि तो पदर दुसरीचा असे. काम मात्र त्यांचं चोख. सकाळी आंघोळ करून साडी नेसायची, पदराच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, मग मारुतीचा पार, गिरणी, किराणा दुकान, बाजार अशी चक्कर करायची. कुठं टेकायचं झालं तर आधी हातानं जागा झाडायची. दिवेलागणीला साडी उतरवून पहिलं पाणी स्वतःच्या हातानं द्यायचं, दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवायची, रात्रभर गादीखाली दाबायची आणि जुन्याच मोडीवर घडी घालून परत करायची. स्वतःच्या साड्या पेटीत पडून घड्यांवर चिरत चालल्या होत्या. तरी गावातली सगळ्यात नटवी बाई कोण, असं कोणी विचारलं असतं तर लोकांनी त्यांचंच नाव घेतलं असतं.

या कामाला भांडवल एकच लागतं, जिवंत नवरा. घडी मोडणारी सवाष्ण पाहिजे. सत्यशीलाबाईंचं भांडवल तातेराव या नावानं घरासमोरच्या ओट्यावर बसलेलं असे. तातेरावांनी आयुष्यात फारसं काही केलं नाही. थोडी कपाशी, थोडं सोयाबीन आणि उरलेला सगळा वेळ ओटा. पण ते होते, आणि असण्याच्या कामात त्यांनी कधी कुचराई केली नाही. रोज सकाळी बायको उंबरा ओलांडून बाहेर आली की ते तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि विचारत, "आज कोणाची?"

"गिरणीवाल्याच्या सुनेची."

"बरी हाये. पर तुला लाल बराबर खुलतो," एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागत. या दोघांच्या संसारातलं लाडाचं बोलणं म्हणतात ते एवढंच होतं. पण ते कधी चुकलं नाही, आणि ते ऐकल्याशिवाय सत्यशीलाबाईंचा पाय ओट्याच्या पुढे पडत नसे.

मागच्या उन्हाळ्यात तातेराव गेले. ओट्यावरच छातीत कळ आली आणि जालन्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथं निळ्या कुडत्या-पायजम्यातली एक पोरगी आली, तिनं सत्यशीलाबाईंना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ नुसती उभी राहिली. बोलली काही नाही. गावात परतल्यावर बायका पुष्कळ बोलल्या, रडल्याही, पण त्या पोरीसारखा हात काही कोणी ठेवला नाही.

गावानं पुढं त्यांचा अपमान केला असं मात्र कोणी म्हणू नये. गाव फारच सभ्यपणानं वागलं. "यंदा साडीच घेतली न्हाई, अक्का. पाऊसपान्याचं काय खरं न्हाई," असं जिनं तोंड बारीक करून सांगितलं, ती पंचमीला कोरी करकरीत साडी नेसून झोक्यावर दिसली. एकेक करून खुंट्या रिकाम्या झाल्या आणि पिशव्या समोरच्या घरी, उषाबाईकडे जायला लागल्या. उषाबाईचा नवरा पुण्याकडे कुठंतरी कामाला होता. सणावाराला येईलच असा नेम नव्हता, आला तर पिऊन येई, पिऊन आला तर हात उचली. पण होता. उषाबाई घडी मोडायची म्हणजे साडी अंगाभोवती गुंडाळून एक कप चहा प्यायची, आणि त्यातला थोडा चहा साडीलाही पाजायची. परत आलेल्या साडीला तिच्या मिश्रीचा वास येई. तरी कोणाची तक्रार नव्हती. गावाला घडी नीट मोडून नको होती, सवाष्णीकडून मोडून हवी होती.

सत्यशीलाबाईंनी पेटीतून स्वतःची एक फिकी साडी काढली. ती घडीवर चिरलेली होती, तिला टाके घातले आणि तीच त्या नेसू लागल्या. सकाळी उंबरा ओलांडला की सवयीनं त्या ओट्याजवळ थांबत. कोणी काही विचारत नसे. मग झाडणी घेऊन ओटा झाडत, आदल्या दिवशी झाडलेलाच. त्यांना फार एकटं वाटे. नवरा गेल्याचं दुःख जास्त की काम गेल्याचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि या गोष्टीची त्यांना मनातून लाज वाटत होती.

त्यांची धाकटी जाऊ दैवशाला शेजारीच राहत होती. तिची लेक साधना नर्सिंग शिकून पास झाली आणि जालन्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि येताना स्क्रबचे, म्हणजे ड्यूटीच्या कपड्यांचे, दोन जोड स्वतःचे आणायचे होते. साधनानं मोबाइलवर फोटो दाखवला. पुढून टोकदार गळा असलेला ढगळ कुडता आणि नाडीचा पायजमा. रंग गडद निळाच पाहिजे, चमक नको, लेस नको, रोज धुतलेला पाहिजे आणि दवाखान्याबाहेर घालायचा नाही.

"एवढे वर्षं शिकून पायजमा घालायचा व्हता, तर तुझ्या बापाचा काय वाईट व्हता?" दैवशाला म्हणाली.

जालन्यात हे जोड तयार मिळतात, असं साधनानं परोपरीनं सांगितलं. पण तयार कपडा म्हणजे कोणाच्या तरी दुसऱ्याच्या अंगाचा अंदाज, असं दैवशालेचं मत होतं. तीर्थपुरीला इजहारभाईंचं दुकान होतं. कापड तेच विकत, शिवतही तेच, आणि या घराचे कपडे त्यांच्या वडिलांपासून तिथंच शिवले जात. निघताना दैवशाला सत्यशीलाबाईंच्या दारात आली. "अक्का, तुमीबी चला की. कापडातलं तुमाला लै कळतं."

म्हणजे मोडायला नको होत्या, पण पारखायला चालत होत्या. सत्यशीलाबाईंना ते लागलं. तरी त्या निघाल्या, कारण नव्या कापडाला हात लावून बरेच महिने झाले होते.

इजहारभाईंनी आधी त्यांना वाटलेलं सगळ्यात भारी कापड काढलं, रात्रीच्या दिव्यात चमकणारं. सत्यशीलाबाईंनी त्याचा कोपरा जिभेला लावला आणि आपल्या फिक्या पदरावर घासला. पदर निळा झाला. "हे घालून पोरगी निळी व्हऊन यील घरी," त्या म्हणाल्या. दुसरं निव्वळ सुती निघालं. ते त्यांनी मुठीत चुरगाळून सोडलं, तर ते चुरगाळलेलंच राहिलं. "रोज धुवायचं अन् रोज इस्तरी. पोरगी पेशंटला बगंल का इस्तरीला?" तिसरं टेरिकॉट होतं, सुतात पॉलिस्टर मिसळलेलं. ते त्यांनी गालाला लावून बघितलं आणि बाजूला ठेवलं, म्हणजे पसंत पडलं.

"नजर वहीच है भाभी की," इजहारभाई टेप गळ्यात घालत म्हणाले. "लेकिन बिलकुल सादा सिऊं क्या? पहली नौकरी है बच्ची की. गले को जरी का गोटा लगा देता. बीमार आदमी का भी दिल खूष होता."

"गोटा नको, चाचा," साधना म्हणाली. "खिसे पायजेत. खाली दोन, छातीवर एक, पायजम्याला एक."

इजहारभाईंचा खडू हातातच राहिला. साऱ्या हयातीत त्यांनी बायकांच्या कपड्याला एकही खिसा शिवला नव्हता. "इतने जेब? औरत के कपडे को? रखेगी क्या उसमें?"

"पेन, कात्री, मोबाइल. कामाला जाऊन राह्यले चाचा, लग्नाला न्हाई."

"अन् वाढत्या अंगाचं शिवा," दैवशालेनं सांगून ठेवलं. "लग्नानंतरबी आलं पायजे."

"माय, मी आता कुठून वाढणार?"

"सासरी गेल्यावर वाढतीस."

सत्यशीलाबाई बाकड्यावर बसून ऐकत होत्या. खिसा त्यांना जन्मात नव्हता. कमरेला खोचलेली एक पिशवी होती, आणि साडी दुसऱ्याची असल्यामुळे तीही भीतभीत खोचावी लागे. येताना रिक्षात दैवशाला सारखी बाहेर बघत होती. इतकं बघण्यासारखं रस्त्याच्या कडेला काही नव्हतं. त्यावरून सत्यशीलाबाईंनी ओळखलं की घडीचा विषय निघणार नाही, आणि त्यांनीही तो काढला नाही.

कपडे शिवून आले. गावात कोणाची पिशवी कुठं जाते हे ओट्यावर बसलं की सगळं दिसतं. सत्यशीलाबाईंना दिसलं की तीर्थपुरीची पिशवी दैवशालेच्या काखेतून उषाबाईच्या घरात गेली. त्या उठून आत जाणार होत्या, तेवढ्यात उषाबाईचा आवाज सबंध गल्लीला ऐकू आला.

"म्या पायजमा घालू? ए बाई, सवाष्ण हाये मी! आमच्या माणसाला कळलं तर तंगडं मोडून हातात देतेन!"

त्या माणसाला गल्लीनं मागच्या पोळ्यापासून पाहिलं नव्हतं. पण त्याचा धाक पुण्याहून व्यवस्थित चालू होता. पिशवी बाहेर आली आणि गिरणीवाल्याकडे गेली. तिथं सून तयार होती, पण गिरणीवाल्याच्या मुलानं पिठाचे हात झटकत सांगितलं की पोरीबाळींनी नोकरीला घातलं तर गोष्ट वेगळी, माझ्या बायकोनं घातलं तर मी गिरणीत गिऱ्हाइकांपुढं उभा कसा राहू? मास्तरांच्या घरी मास्तर म्हणाले की मी या असल्या रूढी मुळात मानत नाही, आणि त्यातून पायजमा तर अजिबातच मानत नाही. एका घरी नवऱ्याची हरकत नव्हती, पण त्याला आधी थोरल्या भावाला विचारायचं होतं आणि थोरला भाऊ देवाला गेला होता. तिसऱ्या प्रहरापर्यंत पिशवी सगळं गाव हिंडली.

दैवशालेची पंचाईत अशी झाली होती. घडी मोडायला नवरा असलेली बाई पाहिजे, आणि जिला नवरा आहे तिला पायजमा घालायची परवानगी नाही. विचारायला कोणी नाही अशी बाई आख्ख्या ओळखीत एकच होती, आणि ती भिंतीपलीकडे राहत होती. न मोडलेल्या घडीनं लेकीला पहिल्या नोकरीवर पाठवायला मात्र दैवशालेचा जीव होत नव्हता.

दिवेलागणीला ती पिशवी घेऊन सत्यशीलाबाईंच्या दारात उभी राहिली. "अक्का, म्हनलं तुमच्याकडनंच घडी मोडून घ्यावी. घरचा हात."

सत्यशीलाबाईंनी पिशवी हातात घेतली, नाकाशी नेली आणि परत दिली. "मिश्रीचा वास येऊन राह्यला."

"न्हाई वो, तसं न्हाई..."

"दैवशाला, सकाळपासून बगून राह्यले मी. आधी उषी, मंग गिरणी, मंग मास्तर. कुणी घालंना म्हनून माझी याद आली. उरलंसुरलं खायला मी काय गल्लीतलं कुत्रं हाये?" त्यांचा आवाज चढला, आणि मग एकदम बसला. "ते हुते तवा तुमी समदी उंबरा झिजवत हुते गं. माझा हात तोच हाये. बग, तोच हाये."

दैवशालेनं डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात साधना आली आणि आईच्या काखेतली पिशवी काढून घेऊन उंबऱ्यावरच बसली.

"मोठी माय, मी पैल्या दिवशीच म्हनल्ते, मोठ्या मायकडं दे. माय ऐकंना. आता तू न्हाई मोडली तर मी हे घालतच न्हाई. सोमवारी जातबी न्हाई."

"नौकरीवर पानी सोडतीस का, येडे?"

"मंग मोड."

मान पुन्हा मिळावा असं सत्यशीलाबाईंना वाटत होतं, पण तो असा, सगळ्यांनी नाकारल्यावर मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि नाही म्हणावं तर पोरीचा सोमवार बुडत होता.

"मोडते," त्या म्हणाल्या. "पर माझ्या रीतीनं. दिवसभर घालीन. पार, गिरणी, दुकान, बाजार, समदीकडं जाईन."

दैवशालेचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिचा बेत वेगळा होता. दार लावून घ्यायचं, आत पाच मिनिटं अंगावर चढवायचं, की झालं. "अक्का, लोक काय म्हनतेन?"

"दार लावून मोडत्यात का घडी? मंग मोडली कशाला?"

"मोठी माय, हे दवाखान्याच्या बाहेर घालत नसतात," साधना हसत म्हणाली.

"तुझा दवाखाना सोमवारी. उद्या बाजार हाये. धुऊन देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून सत्यशीलाबाई बसल्या तेव्हा दैवशाला आपल्या घरचा कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि मध्येच थबकली. नव्या कपड्याला बोट लावायचं ते घडी मोडणारीनं. हे बोट आता लावायचं कसं, आणि लावू नका असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? करंडा तिच्या हातात तसाच राहिला. सत्यशीलाबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या स्वतःच्या घरातला करंडा बायकांनी त्या उन्हाळ्यात उचलून कुठं ठेवला, तो त्यांनी पुन्हा शोधला नव्हता.

"माय, ते ठेव घरी," साधना सहज बोलल्यासारखं बोलली. "ड्यूटीच्या कपड्याला लाल ठिपका बिलकुल चालत न्हाई. लाल दिसलं की रक्त लागलं समजतात अन् धुवायला टाकतात. या कपड्याला कुंकू नसतंच."

हा नियम खरंच होता की पोरीनं तिथल्या तिथं केला, हे सत्यशीलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी साधनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कपडे घेऊन आत गेल्या.

पायजमा म्हणजे मोठंच प्रकरण निघालं. आधी उलटा चढला, मग एकाच पायात दोन पाय गेले. पण दैवशालेनं वाढत्या अंगाचं शिवून घेतलं होतं ते इथं कामाला आलं. साधनासाठी जो तंबू होता तो सत्यशीलाबाईंना बेतल्यासारखा बसला. त्या उंबऱ्याबाहेर आल्या आणि ओट्याजवळ थांबल्या. ओटा रिकामाच होता. डाव्या हाताला काय करावं कळेना, कारण सावरायला पदर नव्हता. मग तो हात आपोआप खाली गेला आणि खिशात शिरला.

तिथं त्याला फार बरं वाटलं. सत्यशीलाबाईंनी दुसराही हात घातला. दवाखान्यातले डॉक्टर लोक इतके निवांत कसे दिसतात, हा प्रश्न त्यांना तातेरावांच्या वेळी पडला होता, त्याचं उत्तर त्यांना आत्ता मिळालं. त्यांनी परत घरात जाऊन एका खिशात किल्ली टाकली, एकात अडकित्ता, एकात सुपारी. छातीवरच्या खिशाला काही उरलं नाही म्हणून कंगवा ठेवला आणि निघाल्या.

पारावर बसलेल्या मंडळींनी त्यांना लांबून पाहिलं आणि हसायची तयारी केली. पण सत्यशीलाबाई दोन्ही हात खिशात घालून सरळ त्यांच्याकडेच चालत आल्या, तसं त्यांचं हसू गडबडलं. निळ्या कपड्यातला माणूस समोर आला की आपल्याला काहीतरी होतंय असं वाटायला लागतं. एका म्हाताऱ्यानं धोतर वर करून गुडघा दाखवला. "बाई, हे इथं ठसठसून राह्यलं."

"मला काय दाखवता, दाजी? मी सत्यशीला हाये."

"ते वळखलं म्या. पर बगायला काय जातं?"

त्यांनी बघितलं. गुडघ्यासारखा गुडघा होता. "सुजलाय. जालन्याला दाखवा," त्या म्हणाल्या, आणि म्हातारा समाधान पावला, कारण घनसावंगीच्या डॉक्टरनंही त्याला हेच सांगितलं होतं. तातेराव गेल्यापासून किराणा दुकानदार त्यांना पुडी द्यायचा ती मान वर न करता. आज तो गादीवरून उठला आणि त्याच्या तोंडून "या मॅडम" निघून गेलं. आपण काय बोललो हे कळल्यावर तो एवढा खजील झाला की त्यानं साखर जास्त तोलली. गिरणीत सुनेनं येऊन पायजम्याचं कापड चिमटीत धरून बघितलं, नाडी बघितली आणि नवऱ्याकडे एकदा रागानं बघितलं. बाजारात भाजीवाल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एकीनं तर बोलवून जवळ घेतलं आणि चारही खिशांत हात घालून खात्री करून घेतली. "समद्याच बायांच्या कपड्याला असे पायजेत बाई," ती म्हणाली, आणि पैसे ठेवायची पुरचुंडी पुन्हा चोळीत खोचली.

नावं ठेवणारे नव्हते असं नाही. विधवा बाईनं सहा महिन्यांत काय हे सोंग काढलं, असं दोघी-तिघी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. सत्यशीलाबाईंनी खिशातला अडकित्ता घट्ट धरला आणि त्या पुढं चालत राहिल्या. परत येताना उषाबाई दारात उभी होती. अंगावर कोणाची तरी नवी मोरपंखी साडी होती आणि तिच्यावर चहा सांडलेला होता. तिनं दार लावून घेतलं.

संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी कपडे थंड पाण्यात चिमूटभर मीठ टाकून भिजवले. रंग गेला नाही. दुसऱ्या दिवशी उलटे करून सावलीत वाळवले, रात्री गादीखाली दाबले. खिसे चिमटीनं ओढून सरळ केले, एकात सुपारीचा तुकडा राहिला होता तो काढला. घडी कुठल्या मोडीवर घालायची हा प्रश्न होता, कारण स्क्रबला जुनी मोडच नव्हती. त्यांनी स्वतःच्या अंदाजानं घातली. सोमवारी सकाळच्या एसटीनं साधना गेली तेव्हा वाकून पाया पडली, आणि दैवशालाही मागून हळूच वाकली.

साधनाचं तिथं काही छप्पर फाडून भलं झालं नाही. पहिल्याच आठवड्यात तिला रात्रपाळ्या लागल्या आणि एका पेशंटच्या नातेवाइकानं तिच्यावर आवाज चढवला. पण पोरगी टिकली. गावाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. गावाला ते कपड्याचं कोडं सोडवायचं होतं. बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की पायजमा हा मुळात बायकांचा कपडा नव्हे, म्हणून त्याला सवाष्णीचा नियम लागू नाही, म्हणून सत्यशीलाबाईंनी काही मोडलं असं होतच नाही. साड्या उषाबाईकडेच जात राहिल्या. गाव आपल्या सभ्यपणावर खूष होतं.

पुढच्या महिन्यात तीर्थपुरीहून इजहारभाईंची पुतणी फरहाना आली. ती साधनाच्याच वर्गातली, तिलाही दुसऱ्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. तिच्या घरात घडीबिडी मोडायची रीत नव्हती. पण चाचांनी कपडे शिवून देताना सांगितलं होतं, पहले पिंपळगाव की भाभी के पास ले जा. तिनं पिशवी पुढं केली. आत हिरवा जोड होता.

"आंटी, मेरी अम्मी ने पूछा, पहननेवाली कोई खास औरत लगती क्या इसको? नेम काय हाये?"

"कायबी नेम न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "दिवसभर घालायचं अन् धुऊन द्यायचं." पिशवी त्यांनी रिकाम्या खुंटीला अडकवली आणि ती पडत तर नाही ना, हे दोनदा बघितलं.

सकाळी हिरव्या कपड्यात त्या उंबऱ्याबाहेर आल्या आणि सवयीनं ओट्याजवळ थांबल्या. समोर उषाबाई सडा टाकत होती. हातातला तांब्या तसाच धरून तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. बोलायचं नसावं, पण राहवलं नाही.

"आज कोणाची वो?"

एवढे महिने सत्यशीलाबाई याच प्रश्नासाठी इथं थांबत होत्या, आणि तो आला तो या तोंडातून. त्यांनी खिशात मूठ आवळली.

"फरहानाची," त्या म्हणाल्या. मग उषाबाईला नव्हे, ओट्याला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "लाल न्हाई, हिरवा हाये. पर बरा हाये."

आणि त्या बाजाराच्या वाटेला लागल्या.